सुरवसे बाईंची बारा यंत्रं

सुरवसे बाईंची स्कूटी नळदुर्गहून शाळेकडे निघाली, की मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती चालू आहे की उभी आहे हे लवकर कळत नसे. सोलापूर-हैदराबादचा तो हमरस्ता. ट्रक कानठळ्या बसतील असे हॉर्न देत जायचे. बाई मात्र डाव्या कडेनं, पदर कमरेला खोचून, वीसच्या वेगानं. एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, भीती नाही वाटत?"

"हॉर्न वाजवला म्हंजे त्यानं मला बघितलं, मास्तर. न वाजवणाऱ्याला भ्यावं."

बाई गेल्याचा फोन मुरुमहून आला तेव्हा मी वर्गात होतो. मुलांना धडा वाचायला सांगितला आणि फळ्याकडं तोंड करून उभा राहिलो. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी लिहायला बसतो आणि थांबतो आहे. लिहायला घेतलं की हसू येतं, आणि माणूस जाऊन इतके थोडे दिवस झालेले असताना हसत लिहावं का, हे माझं ठरत नाही. पण रडवेलं काही लिहिलं असतं तर बाईंनी तो कागद परत केला असता, एवढं नक्की.

आमची शाळा जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एकतीस मुलं आणि दोन शिक्षक. बाई मुख्याध्यापक आणि मी उरलेला. ही गोष्ट ज्या वर्षाची, ते त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. अंबाड्यात खडू खोचायची त्यांना सवय होती. दुपारपर्यंत तिथं तीन-चार खडू जमत आणि त्या वर्गभर खडू शोधत फिरत. मुलं सांगत नसत. बाई शोधत असतात तोवर पाढे थांबतात, हे त्यांना ठाऊक होतं. समोरचा माणूस कोणीही असो, बाई त्याला 'बाळा' म्हणत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही त्या एकदा 'बाळा, चहा घे' म्हणाल्या होत्या आणि त्यांनी निमूट घेतला होता. मी तेवढा 'मास्तर' होतो. ते का, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांचं अक्षर वाईट होतं. अहवाल, पत्रं, सगळं माझ्याकडं. "तुमीच लिव्हा मास्तर. तुमच्या अक्षरात खोटं बी खरं वाटतंय," असं त्या म्हणत आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवत.

त्या वर्षी शाळा उघडल्यावर पंधरवड्यातच पुण्याच्या एका संस्थेनं आम्हाला बारा संगणक दिले. छोटे, जाड, निळ्या झाकणाचे. गरीब देशांतल्या मुलांसाठी मुद्दाम स्वस्तात बनवलेले आहेत, असं घेऊन आलेल्या साहेबांनी सांगितलं. वर हेही सांगितलं, की वर्षाच्या शेवटी ते पाहायला येतील. मुलांना उपयोग झालेला दिसला तर यंत्रं शाळेची, नाहीतर ती उचलून दुसऱ्या शाळेला देतील. बाईंनी मान डोलावली. साहेबांची गाडी गेल्यावर मला म्हणाल्या, "जाताना आपल्याला काय बी ठेवून जाता येत न्हाय, मास्तर. बदली झालेल्याची खुर्ची बी ऱ्हात न्हाय. एवढी बारा तरी पोरांना ठेवून जाऊ."

मला या प्रकरणाचा फारसा उत्साह नव्हता. तेवढ्या पैशांत चांगलं ग्रंथालय झालं असतं, असं माझं मत होतं, आणि ते मी आठवड्यातून दोनदा तरी बोलून दाखवत असे.

पण ठेवून जायची वस्तू जपायला हवी. बाईंनी घरच्या जुन्या साड्यांचे बारा अभ्रे शिवले. प्रत्येक यंत्राला एक अभ्रा घालून सगळी लोखंडी कपाटात ठेवली, आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. सरकारी शाळेतल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. वस्तू नोंदवहीत चढली, की ती फुटल्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. म्हणून नकाशे गुंडाळलेले राहतात आणि प्रयोगाच्या पेटीचं सील शाबूत असतं. दर शनिवारी यंत्रं बाहेर निघत. मुलं हाताची घडी घालून रांगेनं बघत. बाई फडक्यानं पुसत आणि पुन्हा आत ठेवत. असे तीन-चार महिने गेले. पहिलीतली एक मुलगी त्यांना 'बाईंची बाळं' म्हणायची.

मग दसरा आला. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आमच्या शाळेत पाटीपूजन होई. पाट्या मांडायच्या, सरस्वती काढायची, फुलं वाहायची. बाई कपाटासमोर उभ्या राहिल्या. "खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार, मोटारसायकलीला हार, विळ्याला बी हळदकुंकू. आन् ह्यांनी काय पाप केलंय?"

बारा यंत्रं सतरंजीवर मांडली. हळदकुंकू लागलं, झेंडूची फुलं वाहिली. मी म्हणालो, झाकणं बंद असू देत. बाई म्हणाल्या, "देवाचं तोंड झाकून पूजा करतात व्हय?" झाकणं उघडली, यंत्रं चालू केली. बारा पडदे एकदम उजळले तेव्हा मुलांनी आपोआप हात जोडले. पायरीवर नारळ फोडला. आमच्याकडं नारळाचं पाणी सगळ्या अवजारांवर शिंपडायची रीत आहे. बाईंनी करवंटीत बोटं बुडवून शिंपडायला सुरुवात केली. शेवटच्या यंत्रापाशी आल्या तेव्हा करवंटीत पाणी बरंच उरलं होतं. बाईंचा हात मुळातच मोकळा.

पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला.

 मग पहिलीतली तीच मुलगी म्हणाली, "बाई, मेलं."

बाई पायरीवर बसल्या.  मला वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मला विचारलं, "मास्तर, ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याकडं बारका स्क्रू-ड्रायव्हर असंल का हो?"

तो आणला. यंत्र उलटं केलं. पाणी सुकवायचं म्हणून बाईंनी त्याचे स्क्रू काढले आणि मागची पाठ उघडली. एकतीस डोकी त्या उघड्या यंत्रावर वाकली. आत एक हिरवी पट्टी, एक बॅटरी, चार बारीक तारा आणि बरंचसं कुंकू.

"बाई, आत एवढंच?" चौथीतल्या लक्ष्मीनं विचारलं.

लक्ष्मीविषयी इथं सांगायला हवं. ती धनगराची मुलगी. बाप मेंढरं घेऊन निघाला की तीही जाई, म्हणून वर्षातले काही महिने तिचं नाव हजेरीत असे आणि ती नसे. वर्गात ती बोलत नसे. त्या दिवशी तिनं विचारलेला तो प्रश्न मी तिच्या तोंडून ऐकलेला बहुधा पहिला.

"एवढंच दिसतंय गं," बाई म्हणाल्या. "आन् आपण चार महिने भ्यालो."

यंत्र दोन दिवस उन्हात ठेवलं, तांदळात ठेवलं. ते काही उठलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी बाईंनी कपाट उघडलं, अभ्रे काढून टेबलावर ठेवले (पुढं ते फळा पुसायला झाले) आणि मुलांना म्हणाल्या, "एक मेलंय. आता आकरांना भिऊन ऱ्हायचं का? घ्या." मेलेलं यंत्र तसंच उघडं टेबलावर राहिलं. शाळेतल्या प्रत्येक मुलानं त्याचे स्क्रू निदान दोनदा काढले आणि बसवले.

याचा लगेच काही उपयोग झाला असं मी म्हणणार नाही. पहिला महिना मुलांनी फक्त चित्रं रंगवली आणि एक सशाचा खेळ खेळला. पाढे जिथं होते तिथंच राहिले. मी म्हणालो, "बाई, बघा. यापेक्षा पुस्तकं बरी होती."

"खरं हाय," बाई म्हणाल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण तुमची पुस्तकं कुठं हायत, मास्तर?"

माझी पुस्तकं माझ्या वर्गातल्या पेटीत होती. कुलूप लावून. मुलं पानं दुमडतात म्हणून. त्या दुपारी मी पेटी उघडी ठेवली. बाईंनी ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. न बोलणं त्यांना जड गेलं असावं, कारण त्या उरलेला दिवसभर गुणगुणत होत्या.

ट्रकचं काम लक्ष्मीनं सुरू केलं. मधल्या सुट्टीत मुलं कुंपणाच्या भिंतीवर बसून ट्रक बघत. एक दिवस तिनं विचारलं, "बाई, केए म्हंजे कुठलं?" कर्नाटक. "आन् टीएस?" तेलंगण. इंग्रजी अक्षरं पुस्तकात ज्यांना वर्षभर ओळखता येत नव्हती, त्यांना ती ट्रकच्या नंबरपाटीवर आठ दिवसांत यायला लागली. मुलं यंत्रात तक्ता करू लागली. कुठली गाडी, कुठून, कुठं.

"कुठून ते पाटीवर दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण चालली कुठं, आन् आत काय हाय, ते पाटी सांगत न्हाय. विचारावं लागतंय."

शाळेच्याच बाजूला, शंभर पावलांवर ढाबा होता. बाई रोज चार मुलं आणि एक यंत्र घेऊन तिथं जाऊन बसू लागल्या. ढाबेवाला पहिल्या दिवशी कुरकुरला. "बाई, गिऱ्हाइकाला जेवू द्या."

"जेवू दे की, बाळा. जेवणाऱ्याचे कान रिकामेच असतात."

प्रश्न मुलांनीच ठरवले होते. गाडीत काय आहे? कुठं नेता? घर सोडून किती दिवस झाले? घरचं काय खावंसं वाटतं? शेवटचा प्रश्न लक्ष्मीचा. बापाबरोबर रानोमाळ हिंडलेल्या पोरीलाच तो सुचणार. हैदराबादकडच्या एका ड्रायव्हरनं चहाचा पेला खाली ठेवून सांगितलं, गाडीत कांदा आहे. लक्ष्मी एका बोटानं एकेक अक्षर शोधत होती. 'का' सापडला. अनुस्वार सापडेना. तो बिचारा थांबला, दुसरा चहा मागवला, तोही संपला.

"अम्मा," तो शेवटी म्हणाला, "तू लिखे तक मेरा प्याज सड जाता."

सगळा ढाबा हसला. सगळ्यांत मोठ्यानं बाई. लक्ष्मी लाजून लाल झाली, पण उठली नाही. अनुस्वार शोधून काढला, आणि त्याला विचारलं, "घरका क्या खाने का मन होता?" तो रस्त्याकडं बघत चिंचेच्या सारावर पाच मिनिटं बोलला. पुढं तो त्या बाजूनं गेला की शाळेसमोर हॉर्न देई. दोन लांब, एक आखूड.

हिवाळा सरेपर्यंत तक्ता चांगलाच लांबला. मुलांना त्यात मला न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. तिसरीतला एक जण म्हणाला, द्राक्षाच्या गाड्या परत येताना रिकाम्या का येतात? यावर दोन दिवस वाद चालला. त्या वर्षी लक्ष्मीचा बाप मेंढरं घेऊन निघाला तेव्हा ती गेली नाही. मावशीकडं राहिली. तक्ता अर्धा टाकून कशी जाऊ, म्हणाली.

मार्चमध्ये साहेब येणार असल्याचं पत्र आलं. आदल्या दिवशी बाईंनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मी अहवाल लिहिला. बारा यंत्रं शाळेत राहावीत असं आता मलाही वाटत होतं. त्यामुळं 'गणितात लक्षणीय प्रगती' हे शब्द मी जरा जास्तच वळणदार काढले. बाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"लई छान. ही कुठली शाळा म्हनायची, मास्तर?"

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. मेलेल्या यंत्राकडं बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "बाई, ते आलं तेव्हाच बंद होतं म्हणा. तुमचं हे शेवटचं वर्ष. कशाला खुलासे देत बसता?"

"बाळा, एकतीस पोरांनी बघितलंय ते मरताना. त्यांना काय सांगू?"

साहेब आले. बरोबर प्रश्नपत्रिका घेतलेली एक तरुण ताई होती. बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उघडं यंत्र त्यांच्या हातात दिलं. "ह्ये आमी मारलं. नारळाच्या पान्यानं." साहेबांना काही उलगडेना. बाईंनी सगळी हकीकत सांगितली आणि सांगताना स्वतःच हसत सुटल्या. ताईलाही हसू आवरेना. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

मुलांची परीक्षा झाली. वाचनात थोडं बरं. गणितात मागच्या वर्षी होतं तेवढंच. ताईच्या अर्जात रकाना होता, गुण वाढले का, होय की नाही.

"न्हाय लिव्हा," बाई म्हणाल्या.

मी बाईंकडं पाहिलं. त्या माझ्याकडं पाहत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

"मग मॅडम, उपयोग काय झाला?" साहेबांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला नीट सांगता येत न्हाय, बाळा. ह्या पोरीला विचार."

लक्ष्मी यंत्र घेऊन पुढं आली. पण तिला विचारायची वेळच आली नाही. ती सवयीनं साहेबांसमोर मांडी घालून बसली. "तुमची गाडी एमएच बारा. पुण्याची. गाडीत काय आणलं?"

"प्रश्नपत्रिका," साहेब म्हणाले.

"न्यायचं काय हाय?"

साहेब अडखळले. "ते अजून ठरलं नाही."

लक्ष्मीनं ते टिपलं. आता तिला अनुस्वार शोधावा लागत नव्हता. "घर सोडून किती दिवस झाले?"

"आज नववा."

"घरचं काय खावंसं वाटतंय?"

साहेब खुर्चीत मागं टेकले.  मग, आमच्यापैकी कोणाकडं न बघता, त्यांनी त्या मुलीला सांगितलं, की त्यांची आई मेथीची भाजी पातळ करायची आणि आता तिला ती कशी करायची ते आठवत नाही. लक्ष्मीनं विचारलं, "कशानं?" आणि साहेबांनी तेही सांगितलं. ताईचं पेन थांबलं होतं.

जाताना त्यांनी बाईंना नमस्कार केला. मला वाटलं, झालं आपलं काम.

एप्रिलमध्ये पत्र आलं. नियमाप्रमाणे गुणांत वाढ नसल्यानं अकरा यंत्रं दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेला द्यायची होती. बंद यंत्र शाळेनं ठेवून घ्यावं. खाली साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती. मला वाईट वाटतं, असं.

मी रागावलो. माझ्या वळणदार अक्षरात निषेधाचं पत्रही लिहायला घेतलं.  पुढचे दोन दिवस बाईंच्या अंबाड्यात खडू नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं पत्र बाजूला सारलं आणि साहेबांना फोन लावला.

"यंत्रं ने, बाळा. पण नुसती नेऊ नको. तिथं बी कपाट असणारच की. संगं माझी चार पोरं येतील सांगायला. एक दिवस गाडी दे."

साहेबांनी गाडी दिली.

उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता झालेली ती सहल हीच आमची शेवटची भेट ठरली. मे महिन्यात बाई निवृत्त होऊन मुरुमला मुलाकडं गेल्या आणि माझी बदली परंड्याकडं झाली. फोन होत राहिले. जाऊ, जाऊ म्हणत जाणं राहून गेलं. त्याचं कारण मला स्वतःलाही देता येत नाही.

त्या शाळेत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथले मुख्याध्यापक फार सज्जन गृहस्थ. त्यांनी कपाट रिकामं करून, पुसून, त्यात वर्तमानपत्रं अंथरून ठेवली होती. मुलं भिंतीला टेकून रांगेनं उभी होती आणि प्रत्येकाच्या हाताची घडी होती. लक्ष्मीनं एक यंत्र उचललं आणि पहिल्या पोराच्या पुढं धरलं. ते मागं सरकलं. तिनं ते त्याच्या छातीला टेकवलं.

"धर की. चावत न्हाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "बाळ, सावकाश, पडेल."

"पडू द्या की सर. आत लई काय नसतंय."

मी बाहेर आलो. बाई वर्गात आल्याच नव्हत्या. खिचडी शिजवणाऱ्या बायकांपाशी, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, वर्गाकडं पाठ करून त्या उभ्या होत्या आणि त्यांच्या ताटात खिचडी होती. आत आमच्या पोरांचे आणि त्यांच्या पोरांचे आवाज मिसळू लागले होते.

"बाई, आत या," मी म्हणालो. "लक्ष्मी काय करतेय बघा तरी."

"नको."

"एवढ्या लांब आलात आणि बघणार नाही?"

"मी आत गेले की ती पोरगी माझ्याकडं बघंल, मास्तर. मला बघून बोलायला लागंल." त्यांनी घास घेतला. "तिला तिकडंच बघू द्या."

डोळे त्यांचे भरलेले होते का, हे मला सांगता येणार नाही. खिचडी गरम होती आणि चूल जवळ होती.

तेवढ्यात आत काहीतरी दाणकन पडलं. वर्ग एकदम चिडीचूप झाला. मुख्याध्यापक धावले. मीही दाराकडं वळलो. मग आतून लक्ष्मीचा आवाज आला, "पंक्चरवाला कुठं बसतो रे इथं?" आणि एकदम सगळी पोरं बोलायला लागली.

बाईंनी मान वळवली नाही. हसू ओठांत धरून त्यांनी ताट चुलीपाशी बसलेल्या बाईसमोर केलं.

"वाढ गं आजून थोडी. आता भूक लागली."